महारोहिणी-विदारण, हृदयशस्त्रक्रियोत्तर

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचे अस्तर फाटून रक्त तिच्या भित्तीच्या थरांत शिरते व खऱ्या मार्गालगत एक खोटा मार्ग पाडते, त्या व्याधीस विदारण म्हणतात. शस्त्रक्रियेच्या वेळी नळी घातलेल्या किंवा चिमटा लावलेल्या जागी ते क्वचित उद्भवते. बहुधा मात्र असे घडते की, विदारणासाठी छाती उघडून आरोही, म्हणजे वर चढणाऱ्या, भागी डॅक्रॉनची नळी शिवलेली असते, रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि कमानीपलीकडची, कण्यालगत उतरणारी फाट तशीच राहून पुढे फुगत जाते.

उतरत्या भागातील अशा फाटीवर छाती न उघडता इलाज करण्याची पद्धत 1999 साली डेक व नीनाबेर यांच्या गटांनी प्रसिद्ध केली. जांघेतील रोहिणीतून तार खऱ्या मार्गानेच वर गेली आहे याची अन्ननलिकेतील ध्वनिचित्राने खातरजमा करून, मिटलेली स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापडाने मढवलेली जाळीदार नळी, फाटीच्या तोंडाशी नेतात. रक्ताच्या लोटाने ती सरकू नये म्हणून क्षणभर रक्तदाब उतरवतात आणि मग ती उलगडतात. खोट्या मार्गाचे दार बंद झाले की त्यातील रक्त गोठू लागते. छेद बोटभर असला तरी जोखीम तेवढी लहान नसते: कण्याच्या रोहिणी झाकल्या गेल्यास पाय लुळे पडू शकतात. आरोही भागात हा उपाय सहसा चालत नाही, कारण तेथे झडप व हृदयाच्या रोहिणींची मुखे अगदी लागून असतात.

मुंबईस महारोहिणीचा अभ्यास नवा नाही. तिच्या मधल्या भागाच्या आकुंचनावर के. ई. एम. रुग्णालयातील सेन, किनरे, एंजिनियर व परूळकर यांचा निबंध 1963 सालचा आहे. मुंबईतच काय, कोणत्याही दवाखान्यात पाठीत एकाएकी चिरत गेल्यासारखी कळ आलेला, पूर्वी छातीचे ऑपरेशन झालेला इसम येतो, तो बहुधा घरी ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावून झाल्यावर. त्याच्या दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजावा. दोहोंत मोठी तफावत निघाल्यास विदारणाचा संशय धरावा आणि हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारे औषध देण्याची घाई करू नये.

उपचारानंतर पुढे ठरावीक मुदतीने सीटी काढतात. त्या वेळी जुनी फिल्म सोबत आणण्यास सांगतात, कारण काही मिलिमीटरची वाढ दोन चित्रे शेजारी धरल्यावाचून ओळखू येत नाही.