सॉफ्टवेअर पॅकेज व्यवस्थापन

जाळ्यातील संगणकांवर सॉफ्टवेअर बसवणे, अद्ययावत करणे व काढणे यांची केंद्रीय पद्धती.

उगम : लिनक्सवर आधारित डेबियन प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून त्यात एपीटी हे पॅकेज व्यवस्थापनाचे साधन आले (पहा : लिनक्स). सी-डॅकची ‘बॉस’ (२००७) ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे.

वैशिष्ट्ये : पॅकेजमध्ये फाइलींसोबत आवृत्ती क्रमांक आणि आधी लागणाऱ्या घटकांची यादी असते. डिजिटल सहीने स्रोत पडताळता येतो (पहा : सांकेतिकीकरण). स्थानिक सर्व्हरवर पॅकेजांच्या भांडाराची प्रत ठेवल्यास तेच पॅकेज प्रत्येक यंत्रासाठी इंटरनेटवरून उतरवावे लागत नाही. खरी बचत इथेच.

महत्त्व : सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या (१९८३) महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्व यंत्रांवर कंपायलरची आवृत्ती एकच लागते, नाहीतर एका यंत्रावर चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या यंत्रावर अडतो; पॅकेज व्यवस्थापनाने ही एकच आवृत्ती सर्वत्र राखता येते.