औंध : संस्थान आणि ग्रामराज्य

औंध : महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले गाव व १९४८ पर्यंत पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. साताऱ्याच्या आग्नेयेस, माणदेशाच्या उंबरठ्यावर, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. डोंगरावर देवीचे मूळपीठ आहे, पौषात यात्रा भरते आणि गावातल्या देवळापुढची उंच दीपमाळ नजरेत भरते. डोंगराच्या कुशीत १९३८ मध्ये उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मातृशिल्प एवढ्या लहान गावात एका छपराखाली पाहायला मिळतात, यामागे एका राजाची आयुष्यभराची आवड आहे. याच राजाने २१ जानेवारी १९३९ रोजी आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हवाली केली. राज्य सुमारे ५०० चौरस मैलांचे, गावे ७२, लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. हिंदुस्थानातल्या शेकडो संस्थानांच्या नकाशावर हे राज्य शोधूनच काढावे लागे. तरी संस्थानिकाने राज्यकारभार थेट गावच्या पारावर नेऊन ठेवल्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

संस्थानाचा उगम प्रतिनिधिपदात आहे. मूळचे किन्हईचे परशुराम त्रिंबक यांनी राजारामाच्या व ताराबाईच्या काळात पराक्रम गाजवून हे पद मिळवले. पुढे शाहूंच्या दरबारातही ते त्यांच्याच घराण्यात राहिले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहणारा मानकरी. त्याचा मान अष्टप्रधानांहून वरचा. पेशव्यांचे वजन वाढले तसा प्रतिनिधींचा प्रभाव ओसरला, जहागीर मात्र टिकली. १८४८ मध्ये सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा फलटण, भोर, जत, अक्कलकोट या जहागिरींप्रमाणे औंधही त्यांच्या थेट देखरेखीखाली गेले. मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि थेट विजापूरकडचे गुणदाळ अशा तुकड्यांत राज्य विखुरलेले होते. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर ब्रिटिश हद्द किंवा दुसऱ्या संस्थानाची हद्द ओलांडावी लागे. आटपाडी कायम दुष्काळी. कुंडलला मात्र कृष्णाकाठ आणि रेल्वे दोन्ही जवळ. पुढच्या राजकारणात या दोन तुकड्यांचा स्वभाव वेगवेगळा का दिसला, याचे बरेचसे उत्तर या भूगोलात आहे.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये गादीवर आले. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, स्वतः चित्रकार, उत्तम कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एवढ्याशा राज्याच्या तिजोरीतून लाख रुपयांचे साहाय्य कबूल केले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा कुंडलजवळचा ओसाड माळ देऊन त्यांनीच त्यांना बोलावून घेतले. किर्लोस्करवाडी त्या माळावर उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित श्री. दा. सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळही औंधात वाढले. प्रजा त्यांना ‘पंतसरकार’ म्हणे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत धनगरांच्या वाडीवर तालीम उभी राहते आणि तिच्या उद्‌घाटनाला राजा येतो. तो प्रसंग याच संस्थानाच्या वातावरणातला आहे. राजा आणि रयत यांच्यातले अंतर इथे कमी होते, हे खरे. पण कमी अंतर म्हणजे हक्क नव्हे, आणि भवानरावांना ते उमगले होते. म्हणून १९३९ च्या घटनेकडे प्रेमळ राजाची देणगी म्हणून पाहणे अपुरे ठरेल.

त्या वर्षी संस्थानी हिंदुस्थान धुमसत होता. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनंतर संस्थानांतली प्रजामंडळे जोरात आली होती. राजकोटला सत्याग्रह पेटला आणि मार्च १९३९ मध्ये खुद्द गांधींनी तिथे उपोषण केले. दक्षिणेत रामदुर्गला एप्रिल १९३९ मध्ये रक्तपात झाला. बहुतेक राजे दोनच वाटा चोखाळत होते : दडपशाही, नाहीतर नावापुरती सल्लागार सभा. मराठी राजघराण्यांतले दुसरे टोक माळव्यात दिसते. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये एकाच शहरात नांदत होती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव, ज्यांच्याकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होते, ते कर्ज आणि कौटुंबिक कलहाच्या ओझ्याखाली राज्य सोडून पाँडेचरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. सहृदय, धर्मशील राजा होता. पण सारा कारभार त्याच्या एकट्याच्या भोवती फिरत राहिला आणि तो कोसळला तसे राज्यही हलले. भवानरावांनी नेमका हा धोका टाळला.

औंधच्या बदलाला तिघांचे हात लागले. राजे स्वतः, त्यांचे पुत्र आप्पासाहेब (१९१२–१९९२) आणि मॉरिस फ्रीडमन. आप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून, बॅरिस्टर होऊन नुकतेच परतले होते. फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंता. बंगलोरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात ते काम करत. पुढे ते भारतानंद या नावाने ओळखले गेले. सत्ता सोडायचीच तर ती अर्धवट सोडू नका, असा सल्ला त्यांनी दिला. राजांनी वाढदिवसाच्या दरबारात जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली आणि आप्पासाहेब व फ्रीडमन मसुद्यासाठी सेवाग्रामला गांधींकडे गेले. गांधींनी मसुदा तर दिलाच. पण आधी युवराजाला अट घातली. खादी घालून, झोपडीत राहून, महिना ५० रुपयांत भागवायची तयारी असेल तर हे करा, नाहीतर करू नका. घटनेचे पहिले कलम युवराजाच्या राहणीत लिहिले गेले असे म्हटले तरी चालेल. आप्पासाहेबांनी ती अट मान्य केली, म्हणून पुढच्या कागदांना गावोगाव वजन आले.

घटनेची रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका सभा. तालुका सभांनी राज्याच्या विधिसभेवर प्रतिनिधी पाठवायचे आणि मंत्र्यांनी त्या सभेला उत्तर द्यायचे. महसुलाचा मोठा वाटा तालुक्यातच राहावा आणि गावचे तंटे गावातच मिटावेत, हे तत्त्व होते. राजाकडे पहिल्या सेवकाचे आणि सल्लागाराचे स्थान उरले, आणि त्याच्या खासगी खर्चालाही मर्यादा आली. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे ही अट गांधींच्या आग्रहाने आली. आजच्या नजरेला ती खटकते, आणि खटकायलाच हवी : दलित वस्तीतल्या आणि वाडीवरच्या बाईला अक्षर कोणी शिकवले होते? तरी इथे अटीचा हेतू माणसे गाळण्याचा नव्हता. राजाला शाळा काढणे भाग पडावे, प्रौढांना शिकवणे भाग पडावे, म्हणून ती घातली होती. हक्क हवा तर अक्षर हवे, आणि अक्षर देण्याची जबाबदारी सरकारची, असा तो सौदा होता. शंकरराव खरात हे आटपाडीचे. त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र वाचले की याच मुलखातल्या महारवाड्याला गावच्या व्यवहारात कोणती जागा होती ते कळते. पाच पंच निवडून येणे आणि गाव समान होणे यांत केवढे अंतर असते, याचा तो पुरावा आहे.

या आराखड्यात राजकीय पक्षाला जागाच नव्हती. विधिसभेची थेट निवडणूक नाही. प्रतिनिधी तालुक्यातून वर येणार, तालुक्यातले गावातून. म्हणजे जाहीरनामा काढून, सभा गाजवून सत्ता मिळवायची सोय नव्हती. गांधींना तेच हवे होते. राजधानीतले वकील आणि पुढारी यांच्या हाती कारभार जाण्यापेक्षा शेतकरी पंच बरा, हा त्यांचा विचार होता. त्याचा फायदा असा झाला की दक्षिणेतल्या इतर संस्थानांत प्रजा आणि दरबार यांच्यात जी झोंबाझोंबी चालली होती, ती औंधात टळली. तोटाही झाला. वरून मिळालेल्या सत्तेला खालून राखणारी संघटना तयार व्हायला हवी होती, ती या रचनेतून आपोआप होणार नव्हती. राजा मनाने चांगला असेपर्यंत हे जाणवत नाही. औंधच्या घटनेचा हा सर्वांत कच्चा दुवा होय.

ती उणीव भरून निघाली कुंडलकडून, आणि तीही राजवाड्याला न विचारता. १९४२ च्या ‘चले जाव’ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. त्याचे एक पुढारी जी. डी. बापू लाड कुंडलचेच; त्याच्या तुफान सेनेचे शिक्षण कुंडलला चाले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली गेली, ती याच पट्ट्यात. संस्थानची हद्द ब्रिटिश पोलिसांना अडसर ठरे आणि दरबाराची सहानुभूती भूमिगतांना आसरा देई. गावोगाव न्यायदान मंडळे बसवून, सावकाराला व गुंडाला जाब विचारून प्रतिसरकारने जो कारभार केला, त्यात औंधच्या पंचायतींचा थेट वाटा किती हे मोजता येणार नाही. तरी ज्या मुलखातल्या माणसांनी तीन वर्षे गावचा तंटा गावात मिटताना पाहिला होता, त्यांना परक्या कचेरीशिवाय राज्य चालते हे पटवून द्यावे लागले नसावे. एका बाजूला राजाने लिहून दिलेले स्वराज्य, दुसऱ्या बाजूला लोकांनी घोषित केलेले स्वराज्य, आणि दोन्ही कुंडलच्या एकाच शिवारात. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात या योगाकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे गेलेले नाही.

कारभारातला सर्वांत धाडसी भाग तुरुंगाचा. आटपाडीजवळच्या माळावर १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. जबर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बेड्या काढून शेती करायला दिले आणि त्यांची बायकामुले सोबत राहू दिली. भिंत नाही, तार नाही. खुनाच्या कैद्याच्या हाती कुदळ देऊन त्याला उघड्या माळावर सोडणे ही त्या काळी वेडगळ वाटावी अशी गोष्ट होती. शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला. चित्रपट जगभर गेला. ज्या राज्याने हा प्रयोग केला त्याचे नाव मात्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाही.

१९४४ पासून आप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान होते. स्वातंत्र्य जवळ आले तसे दक्षिणेतल्या औंध, फलटण, भोर, सांगली आदी आठ संस्थानांनी एकत्र येऊन संयुक्त दक्खन राज्य उभारण्याचा घाट घातला. भवानराव आणि आप्पासाहेब यांचा त्यात पुढाकार होता. पण या संस्थानांतल्या प्रजेला स्वतःचे छोटे राज्य नको होते, मुंबई प्रांतात सामील व्हायचे होते. ज्या लोकांना सत्ता दिली त्यांनीच संस्थान संपवण्याचा कौल दिला. हा प्रयोगाचा पराभव मानणारे आहेत. ते पटण्यासारखे नाही. राज्य राहावे की जावे हे ठरवण्याचा अधिकार प्रजेचा, हे तर घटनेतच गृहीत होते. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आधीचे काही आठवडे मात्र फार वाईट गेले. गांधींच्या हत्येनंतर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्याच वर्षी सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ गुजरातेतल्या पारडीला हलवले.

विलीनीकरणानंतर संस्थानच्या पंचायतींचा कायदा संपला आणि मुंबई प्रांताचे कायदे लागू झाले. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. ग्रामपंचायत धरून त्यांच्या तीन पायऱ्या वरवर औंधसारख्या दिसतात. पण इथे थेट निवडणूक आली आणि तिच्यासोबत पक्षही आले. औंधमध्ये पैसा गावाकडून वर जात असे, इथे तो वरून खाली येऊ लागला, आणि हा फरक निवडणुकीच्या पद्धतीपेक्षा मोठा आहे. आप्पासाहेब पुढे भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, ब्रिटन अशा ठिकाणी त्यांनी काम केले आणि वडिलांच्या प्रयोगावर १९८९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. फ्रीडमन मुंबईत राहिले. निसर्गदत्त महाराजांची संभाषणे जगाला कळली ती त्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे.

संस्थानचा मुलूख आज दोन राज्यांत वाटला गेला आहे. औंध खटाव तालुक्यात, आटपाडी त्याच नावाच्या तालुक्याचे ठिकाण म्हणून सांगली जिल्ह्यात, कुंडल व किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात आणि गुणदाळ कर्नाटकाच्या विजयपूर जिल्ह्यात. स्वतंत्रपूरची वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि कैदी तिथे अजूनही कुटुंबासह शेती करतात.