महिना 15 युरोत घर: मारिनालेदाची गोष्ट

तर मंडळी, आज स्पेनला जाऊया. सेव्हिया प्रांतात मारिनालेदा नावाचं छोटं गाव आहे, वस्ती तीन हजारांच्या आत. तिथं घराचा हप्ता महिन्याला साधारण 15 युरो. एखादं शून्य गळलंय असं वाटेल, पण नाही.

आधी प्रश्न पोटाचा होता. लोक रोजंदारीवरचे शेतमजूर, जमीन बड्या जमीनदारांकडे. फ्रँको 1975 मध्ये गेला, 1979 मध्ये सांचेझ गोर्डिलो महापौर झाला. ऑगस्ट 1980 मध्ये जवळपास सातशे गावकरी नऊ दिवस उपाशी राहिले. नाव काय दिलं? भुकेविरुद्धचं उपोषण! मग वर्षानुवर्षं एकच: इन्फान्तादोच्या ड्यूकच्या जमिनीत घुसायचं, पोलिसांनी हाकललं की पुन्हा घुसायचं. शेवटी 1991 मध्ये आंदालुसियाच्या सरकारने ड्यूकला भरपाई देऊन 1200 हेक्टर गावाला दिले. गावानं तिथं मुद्दाम आर्टिचोक, मिरची, ऑलिव्ह लावले. जास्त हात लागतात ना, म्हणून.

घरांचंही असंच. जागा नगरपालिकेची, विटा-सिमेंटचा खर्च प्रादेशिक सरकारचा, आणि राबायचं ज्याचं त्यानं. अट एक: घर विकून नफा कमवायचा नाही. माझ्या मते खरी मेख इथंच आहे. नाहीतर स्वस्त घरं दहा वर्षांत दलालांच्या हातात गेली असती.

टीकाही होते, आणि ती खोटी नाही. बांधकामाचा पैसा बाहेरून येतो. आणि गोर्डिलो खुर्चीवरून उतरला तो थेट 2023 मध्ये.