गिरणाकाठचा कापूस आणि पश्चिमेचा समाज

राजकारण, संपत्ती आणि यंत्र या तिघांनी पश्चिमेचा समाज कसा घडविला, हा आजचा विषय. असा विषय भडगावच्या व्यासपीठावर घेतला म्हणजे ‘लंकेत सोन्याच्या विटा, त्यांचे आम्हांला काय?’ असे श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. म्हणून आम्ही आरंभ लंडनपासून न करता गिरणाकाठच्या काळ्या मातीपासून करतो. ज्या कापसाच्या बोंडाने इंग्लंड-अमेरिकेचा समाज ढवळून काढला, त्याचा एक धागा या मातीतूनही गेलेला आहे.

1793 साली अमेरिकेत एली व्हिटने याने सरकी काढण्याचे यंत्र बनविले. यंत्राने माणसाचे कष्ट वाचावेत, अशी आपली समजूत असते. तेथे घडले ते उलटेच. सरकी झपाट्याने निघू लागताच कापसाचा पेरा वाढला, आणि पेरा वाढला तशी वेचणीला राबणाऱ्या हातांची भूक वाढली. 1790 साली त्या देशात सुमारे 7 लाख गुलाम होते. 1860 मध्ये ती संख्या 40 लाखांच्या घरात गेली. यंत्र जात्या दयाळूही नसते आणि क्रूरही नसते. ते ज्यांच्या ताब्यात असते त्यांचे गुण घेऊन ते चालते.

समुद्रापलीकडे लँकेशायरच्या गिरण्या याच रुईवर चालत. 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली. मँचेस्टर धनाने फुगले. पण 1832 पर्यंत त्या शहराचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नव्हता आणि ओसाड पडलेल्या गावांचे मात्र होते! त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने गिरणीमालकाला दार उघडले. मजूर बाहेरच राहिला. तरी तो गप्प बसला नाही. सभा, अर्ज, संघटना यांच्या जोरावर 1847 मध्ये स्त्रिया व किशोरवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांच्या दिवसाचा कायदा झाला.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. हजारो घरांत चूल पेटेना. दक्षिणेचा पक्ष घ्यावा म्हणजे कापूस येईल, असे म्हणणारे तेथे पुष्कळ होते. पण 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या सभेत मजुरांनी लिंकनला पत्र पाठवून गुलामगिरीच्या विरुद्ध आपला कौल दिला. लिंकनने पुढच्याच महिन्यात त्याला कृतज्ञतेने उत्तर धाडले. उपाशीपोटी दाखविलेल्या या विवेकाचा दाखला ग्लॅडस्टनसारख्यांनी मताधिकाराच्या बाजूने दिला, आणि 1867 मध्ये शहरांतील पुष्कळ मजुरांना मत मिळाले.

आता खानदेशाकडे वळू. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडची नजर इकडे वळली. भाव भडकले. हिंगणघाटचे बी इकडे आले. भडगावजवळ पुढे सरकारी नमुना-शेतही होते. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने 1863 मध्ये कायदा केला. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या मार्गाने त्याच दशकात आगगाडी आली. यंत्र आले, पैसाही आला. पण 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत सट्ट्याचे मनोरे ढासळले. खेड्यात तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज तेवढे उरले, आणि गहाणखतावरचा अंगठा शेतकऱ्याच्या जमिनीला भोवला.

लँकेशायरचा मजूर आणि खानदेशचा शेतकरी, दोघेही एकाच कापसाने नाडले गेले. फरक कोठे पडला? मजुराच्या हाती सभा होती आणि पुढे मत आले. आमच्या शेतकऱ्याने 1852 मध्ये सावदा-यावलच्या भागात जमीन-मोजणीला विरोध केला, तेव्हा त्याच्या उत्तरादाखल फौज आली. ज्याच्या दारी संपत्ती येते पण ज्याला राज्यात शब्द नसतो, त्याच्या दारातून ती संपत्ती पाहुण्यासारखी निघून जाते, हाच या इतिहासाचा आमच्या मते सारांश आहे.

1951-52 च्या निवडणुकीत हा शब्द आपणांस मिळाला. त्या बळावरच 1972 मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. तिच्यात गुण होते तसे दोषही होते, आणि अखेर ती गुंडाळली गेली. तरी भावाचा प्रश्न विधानसभेत विचारता आला, हे काही थोडे नव्हे.

आणि पश्चिमेचे काय? तेथे कमावलेलेही निसटू पाहत आहे. आजचे यंत्र माहितीचे आहे आणि ते मूठभर कंपन्यांच्या ताब्यात आहे. 2010 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक-खर्चावरील बंधन उठविले. तेव्हापासून धनाचा आवाज मताच्या आवाजावर चढतो की काय, ही चिंता तेथील विचारवंतांना लागून राहिली आहे. मताधिकार एकदा मिळवून फडताळात ठेवण्याची वस्तू नव्हे, हे त्यांच्या अनुभवावरून आपणही ओळखावे.

आज भडगावच्या शेतकऱ्याच्या खिशातील यंत्र त्याला परदेशच्या बाजारातील कापसाचा भाव क्षणात सांगते. 1865 मध्ये त्याच्या पणजोबाला तो कळतच नव्हता. पण भाव कळणे वेगळे आणि भाव ठरविण्यात आपला शब्द असणे वेगळे. पहिली गोष्ट यंत्राने दिली. दुसरी कोणतेही यंत्र देणार नाही. ती माणसांनी एकत्र येऊनच मिळवावी लागते. मँचेस्टरच्या उपाशी मजुरांनी हेच दाखविले. गिरणाकाठच्या माणसांना ते अवघड का वाटावे?