चौऱ्याऐंशी बोल्ट

विमानाच्या खिडकीला भोक असते, ही गोष्ट मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जमिनीपासून तीस-पस्तीस हजार फुटांवर समजली. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला दिल्लीला निघालो होतो. खिडकीची जागा मी आमच्या सौ.शी रीतसर भांडून मिळवलेली, त्यामुळे भोक दिसले म्हणून ती परत करण्याची सोय नव्हती. काचेच्या खालच्या अंगाला, दाभणाने पाडावे तेवढे भोक, आणि त्याच्याभोवती बर्फाची बारीक नक्षी. मी हवाई सुंदरीला बोलावून हळूच दाखवले. "इट्स नॉर्मल, सर," ती म्हणाली. बँकेत सर्व्हर बंद पडला की मीही ग्राहकांना हेच, आणि याच आवाजात सांगतो. त्यामुळे होता तो धीरही गेला.

घरी येऊन वाचले तेव्हा ती बाई खरे बोलत होती असे निघाले. प्रवाशाच्या खिडकीला तीन पदर असतात. आपण ज्याला नाक लावतो तो आतला पदर केवळ आपल्या नाकासाठी, म्हणजे ओरखडे सोसण्यासाठी. खरा भार घेतो तो सर्वांत बाहेरचा. मधला हा त्याचा जामीनदार. बाहेरच्याने मान टाकली तर याने उभे राहायचे. भोक असते ते या मधल्याला. त्यातून हवा पलीकडे जाते, मधल्याच्या दोन्ही अंगांना दाब सारखा राहतो आणि भार नेमका बाहेरच्यावर पडतो. जामीनदाराला रोजचा हप्ता भरावा लागू नये, एवढीच ती व्यवस्था. कर्जखात्यात काम केलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

शिवाय ती काच मुळी काच नसतेच. ताणून बळकट केलेले ॲक्रिलिक असते. आमच्याकडे दिवाळीला खिडक्यांवर वर्तमानपत्राचा बोळा आणि स्पिरिट चालते. हाच प्रयोग विमानावर केला तर ॲक्रिलिकवर केसासारख्या चिरांचे जाळे उमटण्याची भीती. म्हणून तिथे साधे साबणपाणी आणि मऊ फडके. मेकॅनिक उजेड तिरका पाडून चिरा शोधतो, ओरखड्याची खोली मोजतो. मर्यादेत असला तर घासून पॉलिश, नाहीतर खिडकी बदल. पायलटपुढची काच मात्र थरांवर थर बसवलेली, आतून विजेने तापणारी. तिचेही हाल होतात. 1982 च्या जूनमध्ये लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करीत निघालेले एक जंबो विमान जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरले. चारही इंजिने बंद पडली आणि नंतर चालू झाली, हे खरे नवल. पण राखेने पुढची काच अशी घासून काढली होती की जाकार्ताला उतरताना पायलटला धावपट्टी धड दिसत नव्हती.

हे शास्त्र महाग पडले आहे. 1954 मध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, एकही माणूस वाचला नाही. फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी मग अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवले आणि दाब देणे, काढणे, पुन्हा देणे असे चालू ठेवले. खरी आणि टाकीतली मिळून 3057 उड्डाणे झाली आणि कोपऱ्यापाशी धातू फाटला. चौकोनी वळणाच्या खिडक्या गेल्या, गोलसर आल्या.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच एका हकिकतीने, कारण तिच्यातला माणूस मला आमच्या शाखेतला वाटला.

1990 चा जून. बर्मिंगहॅमला ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन विमानाची डावीकडची पुढची काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसे कमी, म्हणून पाळीचा प्रमुखच पहाटे तीनच्या सुमारास कामाला लागला. मनुष्य कामसू, वर्षानुवर्षांचा अनुभव. जुने नव्वद बोल्ट काढले, ते '7डी' या जातीचे निघाले. पुस्तकात '8डी' लिहिले होते. स्टोअरवाल्यानेही सांगितले, साहेब, या कामाला 8डी लागतात. पण जुने इतकी वर्षे टिकले ना? मग तेच हवेत! स्टोअरमध्ये तेवढे नव्हते. गडी मोटारीत बसून दुसऱ्या ठिकाणच्या खणांकडे गेला. तिथे कोणी राखणदार नाही, उजेड मंद. त्याने हातातला जुना बोल्ट शेजारी धरून, चाचपून, नजरेने जुळवून बोल्ट उचलले. त्याला बारीक अक्षरासाठी चष्मा सांगितलेला होता. कामावर तो लावत नसे.

उचलले होते '8सी'. जाडीत फरक 0.66 मिलिमीटर.

हे मी वाचले आणि उठून पाणी प्यायलो. मलाही डॉक्टरांनी चाळिशी सांगून दोन वर्षे झाली होती आणि मी हात लांब करून वाचत होतो. त्याच आठवड्यात मी एका आजोबांच्या स्लिपवरच्या 3 चा 8 वाचला. त्यांना पाच हजार फुकट मिळायचे ते पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी थांबवले. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पास करायची, हा नियम. या नियमाला मी वीस वर्षे शिव्या दिल्या आहेत. विमानाच्या काचेला तो नियम लागू नव्हता! ज्या कामांना दुसऱ्याची तपासणी लागते त्यांच्या यादीत ती काच नव्हतीच. ज्याने बसवली त्यानेच सही केली.

त्यात ती काच बाहेरून बसवायची. आतून बसवलेली काच हवेच्या दाबाने चौकटीत आणखी घट्ट होते. हिचे सारे बोल्टांच्या जिवावर. आणि नव्वदांपैकी चौऱ्याऐंशी बारीक, उरलेले सहा आखूड.

10 जूनला सकाळी विमान मालागाला निघाले, पोटात 81 प्रवासी. तेराव्या मिनिटाला, 17,300 फुटांवर, काच गेली. कप्तान टिम लँकेस्टर यांनी खांद्याचे पट्टे सोडले होते. हवेने त्यांना कमरेपर्यंत बाहेर ओढले. पाय आत अडकले तेवढेच. न्याहारीच्या गडबडीत असलेल्या नायजेल ऑग्डन यांनी आत झेप घेऊन त्यांना धरले. हात गारठून निघायला लागले तेव्हा सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले. कप्तान गेले असेच सर्वांना वाटत होते. तरी सोडले नाही, कारण सोडले तर देह पंखावर किंवा इंजिनावर आपटेल. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन वाऱ्याच्या गर्जनेत काहीही ऐकू येत नसताना विमान खाली आणत होते. वीसेक मिनिटांनी त्यांनी ते साउदॅम्प्टनला टेकवले.

कप्तान जिवंत होते! मनगट-हात मोडलेले, हिमदंश झालेला, पण जिवंत. कोणीच दगावले नाही. आणि पाच महिन्यांच्या आत लँकेस्टर पुन्हा विमान चालवायला हजर. (आमच्याकडे एकजण जिन्यावर पाय मुरगळला म्हणून सहा महिने रजेवर होते, पण ते असो.)

सोमवारी मी चष्मा करून आणला. पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "शोभतो हो." मी त्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितले नाही.

परवा पुन्हा विमानाने जायचा योग आला. जागा या वेळी सौ.ने घेतली. शिडी चढताना मी चष्मा सारखा करून पुढच्या काचेभोवतीचे बोल्ट मोजायला सुरुवात केली. सतरापर्यंत आलो होतो, तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी ब्रीफकेस माझ्या गुडघ्याला लावली आणि सौ. वरून ओरडली, "अहो, शिडीवर काय देवदर्शन आहे का?"