काचेची पेटी

१७६७ साली जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने काळ्या अस्तराच्या लाकडी पेटीवर काचा बसवून ती उन्हात ठेवली. आतला पारा १०० अंशांपुढे गेला. आपली बंद मोटार म्हणजे तीच पेटी, मित्रहो.

गेल्या मे महिन्यात सोलापुरात अशाच एका मोटारीत धापा टाकणारं कुत्रं मी पाहिलं. मालक येऊन म्हणाले, ‘काच बोटभर उघडी ठेवलीय की!’ २००५ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं होतं. बाहेर २२ अंश असतानाही तासाभरात आत ४० च्या वर, आणि बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. किंचित उघड्या काचेने फारसा फरक पडला नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. हवाच तापली की धापही निकामी.

आपला प्राणी-क्रूरतेचा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मालकांनी एसी लावला. पाणी मी पाजलं.