पेन्सिलीचा आकडा आणि अडकलेले कुलूप

माळशिरस तालुक्याच्या उत्तरेला नीरा वाहते. नदीपलीकडे इंदापूर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास तिथे बसवलेली जमीन मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदवहीला, म्हणजे गाव नमुना सहाला, मानाचे स्थान मिळाले.

या वहीमागचा नियम मोठा शहाणपणाचा आहे. जमीन विकली, वारस लागले, तरी थेट सातबाऱ्याला हात लावायचा नाही. आधी नमुना सहात नोंद धरायची आणि सातबाऱ्यावर तिचा क्रमांक फक्त पेन्सिलीने टाकायचा. मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस. मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की शाई. रद्द केली की आकडा खोडायचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० ने हीच रीत कायम ठेवली. पेन्सिलीचा आकडा कुणाचा हात बांधत नसे, सावध करत असे. तलाठ्याची मध्येच बदली झाली, तरी नव्या माणसाला काम कुठे थांबले ते वहीतून कळे.

संगणकाने सुरुवातीला हे भान ठेवले नाही.

१९८० च्या दशकाअखेर नोव्हेल नेटवेअरच्या जाळ्यावर डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या माहितीसाठ्याच्या साधनांतले कार्यक्रम चालू लागले. एकाने रेकॉर्ड दुरुस्तीला उघडले की त्याला कुलूप लागे आणि दुसऱ्याला थांबावे लागे. पण वीज गेली, केबल सुटली, तर कुलूप लावणारा नाहीसा होई आणि कुलूप राही. ते सर्व्हरच्या स्मरणात असेल, तर संपर्क तुटल्याचे सर्व्हरला कळेपर्यंत अडकून पडे. टीसीपी या प्रोटोकॉलच्या जोडणीत ‘पलीकडे कुणी आहे का’ ही विचारपूस सुरू व्हायलाच, सेटिंग बदलले नसेल तर, दोन तास जातात, आणि तीही मागितली तरच होते. कार्यक्रमाने ‘वापरात आहे’ अशी खूण रेकॉर्डमध्येच लिहिली असेल, तर सर्व्हर बंद करून चालू केला तरी ती जात नाही. हाताने पुसावी, तर भीती वेगळीच: लावणारा अजून कामात असला तर? निम्मा बदल होऊन गेला असला तर?

कुलपांचा पाया १९७६ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांच्या निबंधाने घातला. १९८९ मध्ये कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी मुदतीचे कुलूप सुचवले: नूतनीकरण झाले नाही, तर हक्क आपोआप संपतो. १९९२ मध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी ‘एरीज’ पद्धत मांडली. तिचा कणा नमुना सहाचाच आहे: बदल आधी नोंदवहीत, मग मूळ रेकॉर्डमध्ये. यंत्रणा कोसळली तर वहीप्रमाणे सगळे पुन्हा घडवायचे, मग अर्धवट व्यवहार उलटवायचे. अशा व्यवहाराचे कुलूप तो उलटवल्यावरच सुटते.

आज माळशिरसमध्येही फेरफार संगणकावर होतात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने पालखी महामार्ग गेला. अशा रस्त्यासाठीच्या भूसंपादनानंतर क्षेत्रातली घट-वाढ दाखवणारे कमी-जास्त पत्रक निघते, जमिनीचे गट फुटतात, नोंदी धरल्या जातात. पेन्सिल गेली, पण सातबाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ छापलेली असते. तिथे क्रमांक दिसला, तर शेतकरी तो घेऊन तलाठ्याकडे जाऊ शकतो आणि विचारू शकतो: नोटीस निघाली का, हरकत आली का, मंजुरी कुणाकडे अडली आहे?